लेझर मशीनची स्क्रीन वारंवार जाते? नवा पॅनेल मागवण्याआधी हे तपासा

"दादा, स्क्रीन गेली. नवी घेऊनच या." लेझर कटिंग-एनग्रेव्हिंग मशीन दुरुस्त करताना मला सगळ्यात जास्त वेळा येणारा फोन हा. धारावी असो, साकीनाका असो की वसईचे गाळे, फोन एकाच तऱ्हेचा असतो. आणि जाऊन पाहिलं तर बहुतेक वेळा स्क्रीन धडधाकट असते. तिच्यापर्यंत पोचणारी वीज, मधली केबल किंवा मशीनचं अर्थिंग, यांतलं काहीतरी बिघडलेलं असतं. म्हणूनच पॅनेल बदलल्यावर चार दिवस बरे जातात आणि तोच फॉल्ट परत येतो.

हे लिहिलंय ते अ‍ॅक्रिलिक, एमडीएफ, लाकूड कापणाऱ्या सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) लेझर मशीनबद्दल, ज्यात लेझर तयार करणारी काचेची ट्यूब असते आणि रुइडासारख्या कंपनीचा कंट्रोलर, म्हणजे मशीन चालवणारा मेंदू, असतो. आपल्याकडच्या ट्रॉफीवाल्यांकडे, पत्रिकावाल्यांकडे आणि मखरवाल्यांकडे बहुतेक ह्याच जातीची मशीन असतात. धातूवर मार्किंग करणाऱ्या फायबर मशीनचं काम संगणकाच्या मॉनिटरवर चालतं, तिथे हे लागू नाही.

सुरुवातीला एक गोष्ट समजून घ्या. समोर दिसतो तो बटणांचा आणि स्क्रीनचा पॅनेल, आणि सगळा हिशेब करतो तो आतल्या कप्प्यातला मेनबोर्ड. हे दोन वेगळे भाग आहेत, मधे एक रुंद चपटी केबल. मेनबोर्डला स्वतंत्र एसएमपीएसमधून (घरच्या विजेचा कमी व्होल्टचा डीसी करणाऱ्या डब्यातून) २४ व्होल्ट डीसी मिळतो आणि पॅनेलला वीज मिळते ती मेनबोर्डकडून. म्हणजे स्क्रीन काळी झाली तर दोष चार ठिकाणी असू शकतो: एसएमपीएस, मेनबोर्ड, केबल, आणि सगळ्यात शेवटी पॅनेल. खर्च मात्र लोक उलट्या टोकाकडून सुरू करतात.

आधी लक्षण नीट बघा

"बंद आहे" एवढं सांगून काही कळत नाही. मोबाइलवर मशीन चालू करतानाचा व्हिडिओ काढा, आवाजासकट. त्यावरून अर्धं निदान होतं.

स्क्रीन पूर्ण काळी, बीप नाही, बोर्डवरचे दिवेही बंद: वीजच पोचत नाही. स्क्रीन काळी, पण बीप वाजतो आणि हेड (किरण सोडणारा हलता भाग) नेहमीसारखा होमिंगला, म्हणजे आपल्या सुरुवातीच्या कोपऱ्यात, जातो: मेनबोर्ड जिवंत आहे, दोष केबलमध्ये किंवा पॅनेलमध्ये. स्क्रीन नुसती पांढरी किंवा निळसर उजळते आणि अक्षरं येत नाहीत: मागच्या दिव्याला वीज मिळतेय, पण माहिती येत नाही. यात पहिला संशय केबलवर. अक्षरं तुटक, रंग विचित्र, स्क्रीनवर कचरा: केबलचा सैल कॉन्टॅक्ट किंवा विजेचा गोंगाट, म्हणजे इतर वायरींमधून सिग्नलमध्ये घुसणारा नको तो विजेचा खळखळाट. लोगोवर येऊन अडकणं हे मेनबोर्डच्या मेमरीचं किंवा फर्मवेअरचं (बोर्डातल्या सॉफ्टवेअरचं) दुखणं असू शकतं. एकाच जागी कायमची उभी किंवा आडवी रेघ असेल तर मात्र ती स्क्रीनचीच.

वारंवार येणाऱ्या फॉल्टमध्ये याहून महत्त्वाचं म्हणजे तो *कधी* येतो. लेझर फायर झाला की स्क्रीन चमकते किंवा रीस्टार्ट होते? हेड जोरात हलताना जाते? फक्त पावसाळ्यात, सकाळच्या पहिल्या तासात? की मशीन दोन-तीन तास तापल्यावर? मशीनशेजारी एक कागद चिकटवा आणि प्रत्येक वेळी वेळ, चालू असलेलं काम आणि पॉवरचा टक्का लिहा. आठवडाभराचा असा कागद माझ्या मल्टीमीटरपेक्षा जास्त सांगतो.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

लाल इमर्जन्सी बटण दाबलेलं राहिलंय का ते बघा. ते बाणाच्या दिशेने फिरवून बाहेर काढावं लागतं. मटेरियल ठेवताना कोपर लागून ते दाबलं जातं, आणि काही मशीनमध्ये त्यामुळे कंट्रोलरचीच वीज तुटते. चावीचा स्विच आणि एमसीबी बघा. मशीन एक्स्टेन्शन बोर्डवर असेल तर ते काढून थेट भिंतीतल्या सॉकेटला लावून बघा. चिलर (ट्यूबला गार पाणी पुरवणारं यंत्र), एक्झॉस्ट आणि कॉम्प्रेसर एकाच बोर्डवर असतील तर कॉम्प्रेसर सुरू होताना व्होल्टेज पडतो, आणि त्याचा पहिला फटका कंट्रोलरला बसतो.

मग पेनड्राइव्ह आणि यूएसबी केबल दोन्ही काढा, मशीन भिंतीच्या स्विचवरून बंद करा, पाचेक मिनिटं थांबा आणि पुन्हा चालू करा. पेनड्राइव्ह काढायला कारण आहे: यूएसबीला पाच व्होल्ट मेनबोर्डवरूनच जातात. आतून शॉर्ट झालेला पेनड्राइव्ह ते पाच व्होल्ट खाली ओढतो आणि स्क्रीन विझते. गिऱ्हाइकांनी डिझाइन भरून आणलेले पेनड्राइव्ह दिवसभर आत-बाहेर होणाऱ्या गाळ्यांत हे नक्की तपासा.

आता गाळ्यातले दिवे मालवून मोबाइलचा टॉर्च काळ्या स्क्रीनवर तिरका मारा. मागे पुसट अक्षरं दिसली तर स्क्रीन काम करतेय, फक्त बॅकलाइट, म्हणजे मागचा दिवा, गेलाय. हे कळलं की मेनबोर्ड, एसएमपीएस, सगळ्यांवरचा संशय एका झटक्यात उतरतो.

आणि शेवटी, मशीन संगणकाला जोडून आरडीवर्क्स किंवा लाइटबर्न या मशीन चालवायच्या सॉफ्टवेअरमधून कनेक्ट होतं का ते बघा. ही तपासणी मी सगळ्यात मोलाची मानतो. कनेक्ट झालं, हेडची जागा वाचता आली, तर मेनबोर्ड आणि त्याचा २४ व्होल्टचा सप्लाय दोन्ही बरे आहेत. तपास केबल आणि पॅनेलपुरताच उरला. कनेक्टच झालं नाही, तर नवा पॅनेल आणून उपयोग नाही.

इथे एक मोह होतो. संगणकावरून मशीन चालतंय म्हटल्यावर लोक स्क्रीनशिवाय ऑर्डर पुरी करायला बसतात. करू नका. पॅनेल मेला म्हणजे पॉज आणि स्टॉपची बटणंही गेली. अ‍ॅक्रिलिक पेटायला काही क्षण पुरतात, आणि तेव्हा हात आधी त्याच बटणांकडे जातो. तपासणीपुरतं जोडा, काम लावू नका.

पाऊस, दव आणि चिलर

मुंबईतल्या या फॉल्टमध्ये पावसाळ्याचा वाटा मोठा आहे. आणि नेमकी तेव्हाच कामाची घाई असते. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून एमडीएफ आणि पुठ्ठ्याच्या लेझर-कट मखरांची मागणी वाढली. म्हणजे जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत मशीन दिवसरात्र चालतात.

या दिवसांत इथल्या हवेत इतकी वाफ असते की २४-२५ अंशांहून थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. आता तुमचा चिलर किती अंशांवर लावलाय ते बघा. बऱ्याच ठिकाणी तो बारा महिने १८-२० वर असतो. एसी नसलेल्या गाळ्यात जुलैमध्ये असं केलं तर ट्यूब आणि पाण्याच्या नळ्या बाहेरून भिजतात, थेंब ट्यूबच्या टोकाशी, म्हणजे जिथे हजारो व्होल्टांचा दाब असतो तिथे पोचतात. मग बारीक ठिणगी उडते, ती मशीनच्या बॉडीत जाते आणि स्क्रीन रीस्टार्ट होते. मालक म्हणतो स्क्रीनचा फॉल्ट. खरं दुखणं चिलरच्या आकड्यात. पावसाळ्यात एसी नसेल तर चिलर २५ च्या आसपास ठेवा, ट्यूबच्या कागदावर दिलेल्या मर्यादेत बसतंय ना ते बघून. एसी असेल तर तो रात्री बंद करून सकाळी शटर उघडल्याबरोबर मशीन चालू करू नका. बाहेरची दमट हवा थंड बोर्डांवर बसते. अर्धा तास जाऊ द्या.

सकाळी स्क्रीन येत नाही आणि तासाभराने आपोआप येते, असं असेल तर ओलावाच धरा. पॅनेलच्या मागे आणि मेनबोर्डच्या कप्प्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आणि काम नसलं तरी रोज थोडा वेळ मशीन चालू ठेवा. हेअर ड्रायरची गरम हवा जवळून मारू नका, पॅनेलवरचं प्लास्टिकचं आवरण सुटतं.

याच जोडीने धूर. एमडीएफचा धूर चिकट असतो, तो कनेक्टरवर तपकिरी थर देतो. पण खरा घातकी म्हणजे पीव्हीसी: रेक्झिन, विनाइल, काही स्वस्त सनबोर्ड. ते जळताना हायड्रोजन क्लोराइड सुटतो, दमट हवेत त्याचं आम्ल होतं आणि ते पिना, रेल, बोर्ड सगळं खातं. तुमच्या कनेक्टरच्या पिनांवर हिरवट किंवा पांढरी बुरशी दिसली तर मशीनमध्ये काय कापलं जातंय याची चौकशी करा. तो धूर कारागिराच्या फुप्फुसातही जातो. पीव्हीसी लेझरमध्ये अजिबात कापू नये, कितीही चांगला भाव मिळाला तरी.

अर्थिंग: पाच मिनिटांचं काम

लेझर फायर होताना स्क्रीन चमकत असेल तर केबलच्या आधी अर्थिंग बघा. ट्यूबच्या पॉवर सप्लायमधून सुटणारा गोंगाट जमिनीत जायला वाट लागते. ती नसेल तर तो बॉडीतून, केबलमधून, स्क्रीनमधून वाट काढतो.

मशीनचा प्लग सॉकेटमधून काढून हातात घ्या. मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (वायर सलग आहे का ते बीप देऊन सांगणाऱ्या सेटिंगवर) ठेवा. एक टोक प्लगच्या मोठ्या पिनेला, दुसरं मशीनच्या उघड्या धातूला, म्हणजे एखाद्या स्क्रूला, लावा. रंगावर टेकवू नका, रंगातून वीज जात नाही. बीप यायला हवा. नाही आला तर कॉर्डमधली किंवा मशीनमधली अर्थची वायर तुटलीय. पॅनेल ज्या झाकणावर आहे ते झाकण आणि मुख्य बॉडी यांच्यातही असंच तपासा. बिजागरीवर रंग बसल्याने झाकण बॉडीपासून तुटलेलं असतं, हे मला पुन्हा पुन्हा सापडलंय. तिथे एक जाड वायर, दोन टोकांना लग (स्क्रूखाली बसणारी धातूची कडी) आणि खाली रंग खरवडून स्क्रू, एवढ्याने कित्येक "गेलेल्या" स्क्रीन बऱ्या झाल्या.

मशीनच्या बाजूने सगळं ठीक असेल तर भिंतीतल्या सॉकेटचं अर्थिंग तपासायला लायसन्सवाला वायरमन बोलवा. जुन्या चाळींच्या तळमजल्यावरच्या आणि जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यांत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण मागे वायर असतेच असं नाही. न्यूट्रलची वायर अर्थला जोडून काम भागवणारेही भेटतात. तसं करू देऊ नका, न्यूट्रल कुठे तुटली तर मशीनच्या पूर्ण बॉडीत करंट येतो.

केबल काढून पुन्हा बसवणं

इथून पुढे मशीन उघडायचं आहे. स्विच बंद, प्लग बाहेर, आणि किमान दहा मिनिटं थांबायचं. ट्यूबच्या सप्लायला हात लावायचा नाही, जाड लाल वायरीच्या जवळपासही जायचं नाही. बंद केल्यावरही तिच्यात धोकादायक चार्ज शिल्लक राहू शकतो. बोर्डला स्पर्श करण्याआधी मशीनच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवा.

पॅनेलचे स्क्रू काढून तो सावकाश उचला. केबल ताणू नका. आधी फोटो काढा: केबल कुठल्या बाजूने बसलीय, लाल कडा कुठे आहे. मग कनेक्टरच्या प्लास्टिकला धरून केबल काढा, वायरींना धरून नाही. पिना बघा: वाकलेली, काळी पडलेली, हिरवट झालेली? आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसा, पूर्ण वाळू द्या, आणि केबल सरळ दाबून बसवा. थिनर किंवा पेट्रोल चुकूनही नको. मेनबोर्डकडच्या टोकाचंही हेच करायचं. निम्मे लोक फक्त पॅनेलकडचं टोक बघतात आणि फॉल्ट तिथेच राहतो.

केबल सैल का होते? हेड दिवसभर थरथरतो, झाकण उघडतं-मिटतं, आणि कनेक्टर केसभर वर सरकतो. म्हणून बसवल्यावर केबलला कनेक्टरपासून थोड्या अंतरावर टायने बांधा, ताण न देता. आणि ती मोटरच्या किंवा ट्यूबच्या वायरींच्या जुडग्यातून जात असेल तर वेगळी काढा.

झाकण लावून, मशीन चालू केल्यावर केबलचं टोक हलवून बघायचा मोह आवरा. त्याऐवजी झाकणावर तळहाताने हलकी थाप मारा. स्क्रीन थरथरली तर केबलच खराब आहे. नवी केबल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जुनी दाखवून मिळते. पिनांची संख्या आणि लांबी तीच घ्या, जास्त लांब नको, लांब केबल जास्त गोंगाट पकडते.

सप्लाय मोजणं, आणि इथे कोणी थांबावं

एसएमपीएसवरचे व्होल्ट मोजायला मशीन चालू ठेवावं लागतं, आणि त्याच पट्टीवर शेजारी २३० व्होल्टचे स्क्रू उघडे असतात. चालू सर्किटवर मीटर लावायची सवय नसेल तर इथे थांबा. हे काम यूट्यूब बघून शिकायचं नाही.

ज्यांना सवय आहे त्यांच्यासाठी: मोजायचं ते मेनबोर्डच्या इनपुटवर, एसएमपीएसवर नाही, म्हणजे मधल्या वायरीचा आणि स्क्रूचा दोषही पकडला जातो. २४ च्या आसपास स्थिर आकडा हवा. हेड जोरात हलवल्यावर तो एक-दोन व्होल्टने कोसळत असेल तर एसएमपीएस म्हातारा झालाय, त्यातले कपॅसिटर फुगलेले असतात. उन्हाळ्यात दुपारी तापल्यावर जाणारी स्क्रीन बहुधा इथली. बऱ्याच मशीनमध्ये मोटर ड्रायव्हरसाठी ३६ किंवा ४८ व्होल्टचा दुसरा एसएमपीएस असतो. त्याची वायर चुकून मेनबोर्डला लागली तर बोर्ड जळतो, म्हणून लेबल वाचल्याशिवाय काही जोडू नका.

२४ नीट आहे आणि तरी स्क्रीन काळी असेल, तर लिमिट स्विच (हेड टोकाला पोचला हे सांगणारा), फूट स्विच, वॉटर सेन्सर यांचे कनेक्टर एकेक काढून बघायचे. प्रत्येक वेळी मशीन बंद करून. लिमिट स्विचला जाणारे पाच व्होल्ट बोर्डवरून येतात. हेडखालून जाणारी वायर घासून बॉडीला टेकली की तेच पाच व्होल्ट बसतात. हे करताना ट्यूबचा सप्लाय पूर्ण तोडलेला हवा, कारण वॉटर सेन्सर काढलेल्या स्थितीत लेझर चुकूनही फायर होता कामा नये.

पॅनेल आणि मेनबोर्ड बदलणं

इथवर येऊन पॅनेलवरच बोट राहिलं तर मग बदला. शक्य असेल तर ओळखीच्या गाळ्यातल्या त्याच मॉडेलच्या मशीनचा पॅनेल दहा मिनिटं लावून खात्री करा. मॉडेल नंबर पॅनेलच्या मागचा आणि मेनबोर्डवरचा, दोन्ही जुळवून घ्या. दिसायला सारखे पॅनेल एकमेकांना चालतीलच असं नाही.

मेनबोर्ड बदलायची वेळ आली तर तो स्वतः बदलू नका. बेडचा आकार, मोटरच्या स्टेप, होमिंगची दिशा, लेझरच्या सिग्नलची उलट-सुलट, हे सगळं बोर्डात साठवलेलं असतं. सिग्नलची ही एक सेटिंग चुकली तर मशीन चालू करताच लेझर आपोआप फायर होऊ शकतो, आणि सीओटू लेझरचा किरण डोळ्यांना दिसत नाही. बोर्ड अजून संगणकाशी बोलत असेल तोवर आरडीवर्क्समधून व्हेंडर सेटिंग्ज (वर सांगितलेले हेच आकडे) वाचून फाइल जपून ठेवा. तुमचं मशीन आज उत्तम चालत असेल तरीही ही फाइल आजच काढा आणि ई-मेलवर स्वतःला पाठवून ठेवा.

खालीलपैकी काहीही दिसलं तर पुढची एकही तपासणी न करता प्लग काढा आणि माणूस बोलवा. मशीनच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. ट्यूबच्या बाजूने चटचट आवाज येतो, किंवा पावसाळ्यात वीज पडल्यानंतर येतो तसा तिखट वास येतो. एमसीबी पुन्हा पुन्हा पडतो. जळका वास, फुगलेला कपॅसिटर, काळा पडलेला बोर्ड. कप्प्यात पाणी शिरलंय. स्क्रीन बंद असताना लेझर फायर झाला. आणि मशीन वॉरंटीत असेल तर सील तोडण्याआधी विक्रेत्याला लेखी कळवा, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना.

फोन करताना चार गोष्टी हाताशी ठेवा: चालू करतानाचा व्हिडिओ, मेनबोर्डवरच्या लेबलचा फोटो, भिंतीवरचा तो कागद, आणि संगणकाला मशीन कनेक्ट होतं की नाही याचं उत्तर. एवढं असलं की येणारा माणूस योग्य पार्ट घेऊनच निघतो, आणि तुमचा दुसऱ्या फेरीचा खर्च वाचतो.